शाक्यनगरातील बत्तिसावे बसकर

दिनांक ६ फेब्रुवारी १९८४, सोमवार, सकाळी पावणेअकरा वाजता नाशिक शहरातील शाक्यनगर वसाहतीच्या समाजमंदिरात भरणाऱ्या बालवाडीच्या भेटपुस्तकात पुढील शेरा नोंदविण्यात आला: "हजेरीपटावरील मुले एकतीस. बसकरे बत्तीस. जास्तीचे बसकर जमा करून घेतले. हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलास वर्गात बसवू नये. मदतनीस बाईंनी मुलांना रिकाम्या जागेशी बोलावयास लावण्याचा प्रकार तात्काळ बंद करावा." खाली शाक्यनगर समितीच्या चिटणिसांची सही आहे. शाई हिरवी आहे. या गोष्टीस आज पाच वर्षे उलटली. समिती दोनदा बदलली, समाजमंदिरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला, भिंतींना तीनदा रंग लागला. परंतु तो शेरा कोणी खोडला नाही, आणि खोडावा असे कोणाच्या मनातही आले नाही. ज्या बाईंविरुद्ध तो लिहिला गेला त्यांनी स्वतः कधी तक्रार केली नाही. तक्रार न करणे हा आपल्याकडे सद्गुण समजला जातो, आणि त्याचा लाभ नेहमी शेरे लिहिणाऱ्यांच्या पदरात पडतो. म्हणून त्या बाई कोण आणि ते बसकर काय, हे कोणीतरी सांगणे भाग आहे.

सुलाबाई सहादू पगारे यांचे माहेर विंचूरचे. कांद्याच्या खळ्यावर कांदा निवडता निवडता त्या मोठ्या झाल्या आणि १९७१ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन शाक्यनगरात आल्या. तेव्हा शाक्यनगरास नगर म्हणण्यासारखे काही नव्हते: पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये एक नळ, आणि दूरवर लेण्यांचा डोंगर, जो सकाळी निळा दिसे आणि दुपारी कुठेतरी निघून गेल्यासारखा पुसट होई.

पहिल्या दिवशी संध्याकाळी जेवणाची पंगत बसली तेव्हा नव्या सुनेने पाहिले, की भिंतीकडेला चार ताटल्यांच्या ओळीत पाचवी एक जर्मनची ताटली आधीपासूनच मांडलेली आहे, शेजारी पाण्याचा पेला आहे, आणि ताटलीच्या काठाला चटणीचा जुना डाग आहे. पाच वर्षांचा धाकटा दीर मल्हारी तिचा हात धरून तिला ताटलीपाशी घेऊन गेला.

"वहिनी, ही तुझी. महिनाभर हिला चटणी मीच वाढली."

"कोणाला?"

"तुला. तू नव्हतीस तेव्हा."

सासूबाई आक्काबाई चुलीपाशी हसत होत्या. "घराला तुझी सवय लावत होते गं. नवं माणूस एकदम दारात आलं की घर बिचकतं. आधीच जागा करून ठेवली म्हंजे बिचकत नाय."

"घराचं राहू दे," सहादू म्हणाला, "मला म्हणे ताटलीकडे पाठ करून बसू नकोस, तिला वाईट वाटेल. बायको यायच्या आधी महिनाभर मी बायकोच्या धाकात जेवलो."

त्या पहिल्या घासाची गोष्ट सुलाबाई पुढे नेहमी सांगत. भाकरी मोडता मोडता त्यांना वाटले, की आपण विंचूरला खळ्यावर बसून कांद्याची पात खुडत होतो त्या सगळ्या संध्याकाळी आपल्यासारखीच एक कोणीतरी इथे येऊन बसत होती, जेवत होती, या माणसांचे आवाज ओळखीचे करून घेत होती. आणि आज आपण आलो तेव्हा ती मुकाट्याने उठली आणि आपल्याला जागा करून देऊन निघून गेली. त्या बाईचे आपल्यावर उपकार आहेत, असे त्या म्हणत. हे बोलताना त्या थट्टा करीत नसत.

१९७५ साली समाजमंदिरात बालवाडी सुरू झाली. शिक्षिका म्हणून सुमनबाई आल्या, त्या रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. मदतनीस म्हणून सुलाबाईंना नेमले गेले. मुलांना घरून आणणे, हातपाय धुणे, सुकडी शिजवणे, झाडलोट, आणि रडणाऱ्याला कडेवर घेणे, ही त्यांची कामे. मुले सुमनबाईंना "बाई" म्हणत आणि सुलाबाईंना "मावशी."

नवे मूल आले की काय होते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा एखाद्या बालवाडीच्या दारात जरूर उभे राहावे. आई मुलाचा हात सोडविते. मूल दाराच्या चौकटीला धरते. आत तीस मुले एकाएकी गप्प होतात आणि त्याच्याकडे पाहतात. ती मुले वाईट नसतात. ती केवळ बिचकलेली असतात. मग त्यातले एक जण म्हणते, "ही माझी जागा आहे," दुसरे म्हणते, "त्याच्या नाकातून बघ काय येतंय," आणि नवे मूल आठ दिवस पायरीवर बसून काढते. जाणकार यावर मुलाला खाऊ द्यावा, खेळणे द्यावे असे सांगतात. सुलाबाईंचे म्हणणे वेगळे होते. त्या म्हणत, "रडतं ते मूल नाय सुधारायचं, बाई. बसलेल्यांना सवय लावायची."

म्हणून त्यांनी आपल्या घरची रीत बालवाडीत आणली. नवे मूल येणार असे कळले, की वर्गातील प्रत्येक मुलाने घरून कापडाचा एक तुकडा आणायचा. आईच्या जुन्या लुगड्याचा, बापाच्या सदऱ्याचा, उशीच्या अभ्र्याचा, कसलाही चालेल. मात्र मुलाने तो स्वतः मागून, स्वतःच्या मुठीत धरून आणला पाहिजे. हे तुकडे जोडून सुलाबाई गोधडीच्या टाक्यांनी एक लहान बसकर शिवीत. मुले दाटीवाटीने भोवती बसून आपापल्या तुकड्यावर बोट ठेवीत: "हा माझा." "हा माझ्या आज्जीचा." ज्याचा तुकडा मधोमध येई त्याची त्या दिवशी छाती फुगे.

बसकर तयार झाले की ते गोलात मांडले जाई. मुले आपापल्या बसकरावर गोल करून बसत आणि गोलात दोघांच्या मध्ये या नव्या बसकराची जागा रिकामी राही. पुढचे आठ दिवस, प्रार्थना झाली की, एकेका मुलाने त्या रिकाम्या जागेला बालवाडीतली एक गोष्ट सांगायची. मुले ती गोष्ट फार विचारपूर्वक निवडीत.

"माठ त्या कोपऱ्यात आहे. ओगराळं उडवायचं नाही."

"इथे उंदीर आहे. पण तो आपला आहे."

"बाई ओरडतात, पण त्यांना राग नसतो आलेला."

"मागच्या दाराला विंचू निघाला होता. मी नव्हतो घाबरलो. मिलिंद घाबरला."

"मी पण नव्हतो घाबरलो!"

"मावशीच्या पदराला हात पुसले तर चालतात."

हिवाळ्यात समाजमंदिराच्या पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन आत येई आणि गजांच्या सावल्यांसह हळूहळू फरशीवरून सरके. साधारण साडेनऊला ते त्या रिकाम्या बसकरावर येऊन थांबे. सुकडीची वाफ आणि केर काढल्याची धूळ त्या उन्हात तरंगत राही, आणि नीट पाहिले तर तिथे कोणीतरी मांडी घालून बसले आहे असे वाटे. सुमनबाईंनाही एकदा तसे वाटले होते. त्यांनी हजेरी घेताना त्या दिशेला मान वर करून थोडे थांबून पाहिले होते. नवव्या दिवशी खरे मूल दारात येई तेव्हा आत कोणी बिचकत नसे. ज्याची वाट पाहिली ते आले, इतकेच होई. एकेक मूल उठून नव्याचा हात धरी आणि आपण आठ दिवस जे हवेला सांगितले तेच पुन्हा त्याला दाखवी: हा माठ, ही उंदराची जागा. नऊ वर्षांत या बालवाडीत पायरीवर बसून रडलेले मूल नाही. हा आकडा कोणत्याही अहवालात नाही, कारण न रडलेल्या मुलांचा रकाना छापील नमुन्यात नसतो.

चूक झाली ती १९८४ च्या जानेवारीत, आणि ती सुलाबाईंची होती. हे येथे लपविण्याचे कारण नाही.

त्र्यंबकेश्वराहून एका कारकुनाची बदली होऊन तो शाक्यनगरात राहावयास येणार, त्याची चार वर्षांची मुलगी बालवाडीत येणार, असे ठरले होते. एकतीस तुकडे जमले. बसकर शिवले गेले. नऊ जानेवारीला ते मांडले, आणि मुलांनी आठ दिवस इमानाने सांगण्याचे काम केले. नवव्या दिवशी कोणी आले नाही. कारकुनाची बदली रद्द झाली होती.

रीतीप्रमाणे बसकर उचलून ठेवावयास हवे होते. सुलाबाईंनी त्याला हातही घातला; पण मुले अशी काही पाहत होती, की त्यांनी तो मागे घेतला. "राहू दे," त्या म्हणाल्या, "येईल कोणीतरी."

मुलांना "कोणीतरी" चालत नाही. आठवडाभरात त्या जागेला नाव मिळाले, छबी. छबीला दोन वेण्या आहेत आणि तांबडी फीत आहे, हे चिटणिसांच्या नातीने, उत्पलाने, सांगितले. तिचे म्हणणे सहसा कोणी मोडीत नसे. छबी कुत्र्याला भिते, पण उंदराला भीत नाही, हे मिलिंदने सांगितले. छबीची आई कारखान्यात मोठी साहेबीण आहे, असेही एकाने ठरविले. रोज सुकडीचा एक लहान मुटका तिच्यापुढे ठेवला जाई आणि थोड्या वेळाने शेजारचा कोणीतरी तो "छबीने दिला" म्हणून खाई. गोल फिरताना तिच्या जागी दोन्ही बाजूंची मुले हात हवेत धरीत, जणू मध्ये एक हात खरोखरच होता. सुलाबाई हे पाहत आणि त्यांना आपली जर्मनची ताटली आठवे. इतके सुंदर काहीतरी चालले आहे आणि ते थांबवायचे, हे त्यांच्याने झाले नाही.

त्याच महिन्यात समाजमंदिरासमोरून पाण्याच्या नळाचा चर खोदण्याचे काम सुरू झाले होते. सुरगाण्याकडची माणसे कामावर होती. भात काढून झाले की ती डोंगर उतरून येत आणि शिमग्याला परत जात. त्यांच्यात भागीबाई नावाची एक बाई होती आणि तिची येसी नावाची मुलगी, चारेक वर्षांची. चराची कड एकदा ढासळली होती, म्हणून भागीबाई मुलीच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधी आणि तिचे दुसरे टोक डांबराच्या रिकाम्या पिंपाला. पट्टी इतकी लांब होती की येसी मुरमाच्या ढिगावर चढून बसू शके, त्यापुढे नाही. ढीग पूर्वेकडच्या खिडकीला लागून होता. सकाळी आठपासून उन्हे कलेपर्यंत ती तिथे बसे आणि गजांतून आत पाही.

गुरुवारी, दोन फेब्रुवारीला, सुलाबाई चरापाशी गेल्या.

"ताई, पोरगी धुळीत बसतीय रोज. आत नेऊ का? सुकडी खाईल."

भागीबाईने घमेले खाली ठेवले. "न्या की. पण ती बोलत नाय बाई. आमची बोली इथं कुणाला समजत नाय, म्हणून गप ऱ्हाती. मारतील का पोरं?"

"कोण मारतंय! आमची पोरं लय गुणाची."

येथे सुलाबाई दुसऱ्यांदा चुकल्या. आठ दिवस न देता त्यांनी पट्टी सोडली, येसीला कडेवर घेतले, आत आणले आणि वर्गात जी एकच रिकामी जागा होती तिच्यावर बसविले.

उत्पला किंचाळली. "उठ! छबी बसलीय तिथे!"

"तिला लागलं!" मिलिंद ओरडला. दोघांनी येसीचे हात धरून तिला ओढले, आणि एक लहान मुलगी तर छबीसाठी हुंदके देऊन रडू लागली. नऊ वर्षे ज्या रीतीने या मुलांना दार उघडून धरायला शिकविले, त्याच रीतीने आज त्यांच्या हातात दाराची कडी दिली होती. येसी रडली नाही. ती उठली, चालत बाहेर गेली, आणि पिंपापाशी जाऊन पट्टीचे टोक हातात धरून उभी राहिली.

त्या दुपारी सुलाबाई भांडी घासत बसल्या होत्या. सुमनबाई म्हणाल्या, "मावशी, उद्या सांगून टाकू या, छबी-बिबी कोणी नाही म्हणून."

"आणि मग पुढच्या खेपेला मी जागा मांडली तर त्यावर कोण इस्वास ठेवील, बाई?"

शुक्रवारी काय झाले ते सुमनबाईंनीच पुढे अनेकांना सांगितले. प्रार्थना झाली, ऊन बसकरावर आले, आणि येसी दारात उभी होती. तिला कोणी आणले नव्हते. ती गोलाच्या कडेने चालत आली, माठाला वळसा घालून, उंदराच्या भोकापाशी पाय जपून टाकीत. सगळे तिला ठाऊक होते. महिनाभर मुलांनी जे जे रिकाम्या जागेला सांगितले होते ते खिडकीबाहेर ढिगावर बसलेल्या या मुलीने रोज ऐकले होते. बोली समजत नसली तरी सांगणाऱ्याचे बोट कुठे जाते हे दिसत होते. ती छबीच्या बसकरापाशी आली आणि त्याच्या शेजारी, उघड्या फरशीवर, दुसऱ्याच्या कोपराला कोपर लागू नये इतके अंतर ठेवून बसली. सुलाबाईंनी मुकाट्याने तिच्या हातावर सुकडी ठेवली. तिने तिचे दोन भाग केले आणि एक भाग बसकरावर ठेवला.

उत्पला गुडघ्यांवर रांगत पुढे आली. "तुला दिसते ती?"

येसीने तिच्याकडे पाहिले, मग उन्हाकडे पाहिले. "आहा," ती म्हणाली. तिच्या डोंगराकडे "आहे" ला तसे म्हणतात.

"फीत कशी आहे?"

येसीला प्रश्न कळला की नाही, कोण जाणे. तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवले आणि मग तेच बोट बसकरावरच्या एका तुकड्यावर टेकविले. तुकडा तांबडा होता. तो उत्पलाच्या घरून आला होता. तिच्या बारशाच्या दुपट्याचा.

"बरोबर," उत्पला म्हणाली, आणि आपले बसकर अर्धे येसीच्या बाजूला सरकविले. "फरशी गार असते. छबी म्हणते, सरकून बस."

शनिवारी येसी उत्पलाच्या बसकरावर बसली. मुलांनी तिला माठ दाखविला, तिने तो पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहिला. पिंप दिवसभर एकटे उभे होते आणि त्याला बांधलेली लुगड्याची पट्टी वाऱ्यावर हलत होती. जेवणाच्या सुट्टीत भागीबाई खिडकीपाशी आली, गजांना धरून बराच वेळ पाहत राहिली, आणि कामावर गेली.

सोमवारी चिटणीस आले.

रावजी गांगुर्डे हे वाईट गृहस्थ नव्हते. समाजमंदिराच्या जागेसाठी त्यांनी सहा वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजविले होते. तपासणीला येणारा प्रत्येक जण या वसाहतीतल्या माणसांकडे आधी संशयाने पाहतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. म्हणून चमच्यापासून खडूपर्यंत प्रत्येक वस्तू यादीप्रमाणे असावी, असा त्यांचा बाणा होता. नातीने घरी जे काही सांगितले त्यातून त्यांना एवढेच कळले, की वर्गात एक नसलेली मुलगी आहे आणि एक असलेली मुलगी आहे, आणि दोघींचीही नावे हजेरीपटावर नाहीत.

त्यांनी बसकरे मोजली. मग रिकाम्या बसकरापाशी येऊन विचारले, "यावर कोण बसतं?"

"छबी!" एकतीस आवाज म्हणाले.

"ही छबी कोण?"

"आजोबा," उत्पला हळूच म्हणाली, "तुम्ही तिच्या पायावर उभे आहात."

रावजी एक पाऊल मागे सरले. हे त्यांच्या नकळत झाले, आणि झाल्यावर त्यांना त्याचा राग आला. "सुलाबाई, हे काय शिकवता मुलांना? भुतंखेतं?"

"नाय दादा. ते बसकर ह्या पोरीचं हाय. येसीचं. नाव घाला हजेरीपटावर, म्हंजे बत्तीसला बत्तीस."

"तिचं आहे तर ती त्यावर बसत का नाही? बसवा तिला. बसली तर नाव घालतो, आत्ता, या क्षणी. नाही बसली तर बसकर जास्तीचं, आणि मूल बाहेरचं."

रावजी खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी नाव घातलेच असते. सुलाबाईंनी येसीच्या खांद्यावर हात ठेवला. "बस बाळा." येसीने बसकराकडे पाहिले आणि मान हलविली. दुसरीच्या अंगावर कोणी बसते का? सुलाबाईंनी खांदा किंचित दाबला. पोरगी हलकी होती. आणखी थोडा जोर दिला असता तर ती बसली असती, नाव लागले असते, पट्टी कायमची सुटली असती. भोवती एकतीस मुले पाहत होती. एक पोर आत राहण्यासाठी दुसरी, न दिसणारी का होईना, तुडवावी लागते, हा धडा त्यांना आपल्या हाताने द्यावा लागणार होता. सुलाबाईंनी हात काढून घेतला.

"नाय बसवत, दादा."

"मग संपलं."

"दादा, एक विचारू? लहानपणी शाळेत तुम्ही उंबऱ्याबाहेर बसायचा, घरून नेलेल्या गोणपाटावर. तुम्हीच सांगता दर सभेत. ते गोणपाट कुठल्या यादीत होतं?"

रावजींचा चेहरा उतरला. सुमनबाई म्हणतात, त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. परंतु माणसाला एकदा जी भीती शिकविली जाते तीच तो पुढे नियम म्हणून दुसऱ्यास शिकवितो, आणि त्यालाच शिस्त म्हणतो. त्यांनी टोपण पुन्हा काढले आणि शेरा लिहिला. बसकर घडी करून समितीच्या लोखंडी कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. वरच्या घडीत दुपट्याचा तांबडा तुकडा होता.

मंगळवारी येसीच्या कमरेला पुन्हा पट्टी आली.

शेऱ्यात "वर्गात बसवू नये" असे लिहिले होते. वर्ग कोठे संपतो, ते लिहिले नव्हते. त्या सकाळी प्रार्थना झाल्यावर उत्पला आपले बसकर ओढीत पूर्वेकडच्या खिडकीखाली जाऊन बसली. मग मिलिंद गेला. मग एकेक करून सगळी. गोल मोडला आणि भिंतीला टेकलेला अर्धगोल झाला, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग खिडकीच्या गजांतून बाहेर मुरमाच्या ढिगावर गेला, जिथे येसी बसली होती. ऊन आधी तिच्या अंगावर पडे आणि मग आत येई. फिरण्याच्या खेळात मुले गजांतून हात बाहेर काढीत आणि ती ते धरी. सुकडी गजांतून जाई. छबीही बाहेर गेली आहे, तिला ढीग आवडतो, असे उत्पलाने जाहीर केले. सुमनबाईंनी हजेरी घेतली तेव्हा शेवटी त्या खिडकीकडे पाहून थांबल्या, आणि बाहेरून "आहा" असा आवाज आला. हजेरीपटावर त्याची खूण नाही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी चर बुजला आणि सुरगाण्याची माणसे जीपमधून गेली. पिंप मुकादमाने नेले. भागीबाई परत या वसाहतीत आली नाही. नळाचे काम शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. येसी आज नऊ वर्षांची असेल. ती कोठे आहे, कोणत्या शाळेत आहे, आहे की नाही, हे येथे कोणालाही माहीत नाही, कारण ज्याचे नाव लागलेले नसते त्याचा दाखलाही निघत नाही आणि शोधही.

सुलाबाईंनी आज्ञा पाळली. पुन्हा बसकर शिवले नाही, मुलांना रिकाम्या जागेशी बोलावयास लावले नाही. त्या एवढेच करीत, की मुले गोल करून बसताना दोन मुलांच्या मध्ये एका मुलापुरते अंतर सोडून बसवीत. तिथे काही मांडलेले नसे. जे मांडलेलेच नाही ते मोजता येत नाही, जमा करून घेता येत नाही. नवे मूल आले की ते तिथे बसे, आणि दुसऱ्या दिवशी गोल थोडा मोठा होऊन पुन्हा एक अंतर उरे. गेल्या मार्चमध्ये सातवी उत्तीर्ण नसल्याच्या कारणावरून सुलाबाईंना कामावरून कमी करण्यात आले. नव्या मदतनीस बाईंनी पहिल्याच दिवशी मुलांना दाटून बसविण्याचा प्रयत्न केला. मुले दाटून बसली, पण ते अंतर तसेच राहिले. कारण विचारले तेव्हा एक तीन वर्षांचा मुलगा म्हणाला, "कोणीतरी यायचंय."

हा मजकूर वाचणाऱ्यांकडे मागणी एवढीच आहे. शाक्यनगर समितीच्या कपाटाची किल्ली आज ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते बसकर बाहेर काढावे, सहा फेब्रुवारी १९८४ चा शेरा खोडून त्याखाली सही करावी, आणि त्या सालच्या हजेरीपटावर बत्तिसावे नाव लिहावे: येसी, आई भागीबाई, सुरगाणा. आणि ज्यांच्याकडे किल्ली नाही त्यांनी येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीतील बालवाडीत जावे, एक बसकर जास्तीचे मांडावे, आणि ते कोणासाठी आहे असे कोणी विचारले तर उचलू नये.